ढाल

सुभाषनगरात, चपलांच्या ढिगापाशी
मालावीचा थोकोझानी जेरे
वर्तमानपत्रावर लंबगोल काढून दाखवतो :
ढाल. केसांसकट. बैलाची.

"बैलाचं न्हाई गावत आता," यल्लाप्पा सातपुते म्हणतो,
"म्हशीचं चालतंय का?"

आजोबांचे आजोबा झांबेझी उतरले तेव्हा
भरदुपारी सूर्य विझला होता, म्हणतात.
ढाली पलीकडे पोचल्या, गुरं पोचली;
भाषा मात्र वाटेत
बायकांच्या माहेरची झाली.
गाण्यातले जुने शब्द
आता गाणाऱ्यालाच लागत नाहीत.

"मग नाचतासा कसं?"

तो बूट काढतो.
उजवा पाय गुडघ्याइतका उचलून
फरशीवर आपटतो.
आऱ्यांचा डबा कलंडतो.

यल्लाप्पा आऱ्या वेचत राहतो, खाली बघूनच :
"वादी डाव्या हाताला लावू,
का उजव्या?"