ओळंबा

मिरजेच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर
दस्तगीर मिस्त्री खुर्चीत बसलाय, डावीकडं कलून,
आणि म्हणतोय, मी सरळच आहे.

व्यायाम घेणारी मुलगी
मोबाइल त्याच्या पाठीच्या कण्याला लावते.
पडद्यावर आकडा हलतो, सोळा, पंधरा, सोळा.
वहीत सोळा लिहिते.
मग खांद्याला धरून त्याला मधोमध आणायला बघते,
तर तो उजव्या हातानं खुर्चीचा दांडा रेटतो,
पडलो, पडलो, ओरडतो.
आपलं सरळ जिथं आहे
तिथं त्याला विहिरीचा काठ दिसतो.

मी याचा बिगारी होतो.
पाण्याची नळी धरायचो एका टोकाला,
तो दुसऱ्या टोकाला, मधे न झालेलं घर.
आधी बुडबुडा घालव, म्हणायचा,
नळीत हवा असली की पाणी खोटं बोलतं.
वारं सुटलं तर ओळंब्याचं वजन
बादलीतल्या पाण्यात सोडायचा,
दोरी डुलायची थांबेपर्यंत एक विडी.
बेडगच्या कामावर सात फूट चढलेली भिंत
त्यानं पाडायला लावली, सूतभर बाहेर गेली म्हणून.
मालक म्हणाला, मिस्त्री, कुणाला दिसणाराय?
हा म्हणाला,
ती बघणार न्हवं रोज तुमच्याकडं.

आज मी त्याचाच ओळंबा आणलाय.
पितळ झिजलंय, दोरी मात्र नवी, परवा घेतली.
सलाइनच्या स्टँडला बांधला.

बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, स्टँड वाकडाय.
मग, खिडकी वाकडीय, ही बिल्डिंग कुणी बांधली रं?
मुलगी हसली. मला हसू आलं नाही.
याच्या डोळ्यावर विसंबून
मी अठरा घरं उभी केलीत.

पंख्याच्या वाऱ्यानं वजन फिरायला लागलं
तसा सवयीनं त्याचा उजवा हात
दांडा सोडून दोरीकडं गेला.
अकरा, मुलगी हळूच म्हणाली. नऊ.
मी श्वास धरून, नळी धरावी तसा.

दोन बोटांत दोरी धरून त्यानं विचारलं,
बाहेर कोण गेलंय, ही का मी?

कुणीच काही बोललं नाही.
थांब, तोच म्हणाला,
आधी हिला डुलायची थांबू दे.
आणि मोकळा हात
खिशाकडं गेला, विडीसाठी,
म्हणजे जायला निघाला,
डावा होता तो.