टाचण

खोकं ऑगस्टमध्ये आलं, चाळीस पौंडांचं.
कुरिअरवाल्याने पायरीवर टेकवलं आणि कंबर धरली.
वर मोठ्या अक्षरांत: उघडा आणि शिकवा.
आत छत्तीस आठवडे, एकशे ऐंशी दिवस,
रोजच्या दिवसाला नंबर, नंबराला पान.
मी म्हटलं, सुटले.

शिक्षकांच्या पुस्तकात खरंच सगळं आहे.
मी काय बोलायचं ते ठळक अक्षरांत,
शर्वने काय उत्तर द्यायचं ते तिरप्या.
एका ओळीपाशी मात्र दर वेळी अडते:
मुलाच्या उत्तराची वाट पाहा.
किती, ते छापलेलं नाही.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, सिन्नर तालुक्यात.
शनिवारी दुपारी भांडी आवरली की
तांबड्या पुठ्ठ्याची टाचणवही काढायची.
तास, घटक, उद्दिष्ट, साहित्य, फलकलेखन.
साहित्याच्या रकान्यात वर्षभर तेच:
खडू, डस्टर, परिसर.
मुख्याध्यापक न वाचता सही ठोकायचे.
कुणी वाचत नाही, मग लिहितेस कशाला?
म्हणाली, लिहिलं की रविवारी झोप लागते.

मला लागेना.
पहिला महिनाभर रविवारी रात्री तीन-तीन तास,
चार रंगांची पेनं, भिंतीएवढा तक्ता.
कुणीतरी पूर्ण आखून दिलेलं मी पुन्हा आखत होते,
वाढलेल्या ताटाला परत फोडणी देत होते.
मंगळवारी नीरजाला ताप आला,
शर्वचा दात पडला, तो सापडेपर्यंत दुपार गेली,
आणि माझे चारही रंग
घसरत घसरत पुढच्या सोमवारवर जाऊन आदळले.

शेजारच्या कॅरन स्ट्रँडबर्गने पाच मुलं घरी शिकवली.
एक दंतवैद्य आहे, एक काहीच करत नाही,
दोघांबद्दल ती सारख्याच आवाजात सांगते.
तक्त्यासमोर ती बूट न काढता उभी राहिली.
म्हणाली, पेन्सिल घे.
आणि शुक्रवार रिकामा ठेव,
आठवडा कुठेतरी सांडणारच.

आता वीस मिनिटं.
दूध विरजून होईतो पुढची पाच पानं चाळते.
व्हिनेगर आहे का घरात, वाल आहेत का,
शर्वला येतंच आहे ते खोडायचं,
मला येत नाही ते आधी वाचून ठेवायचं
(अपूर्णांकांचा भागाकार. अजून उलटा का करतात कळलेलं नाही).
बस.

आठवडा चौदावा, दिवस तिसरा.
जड वस्तू पाण्यावर कशी तरंगते?
साहित्य: वाडगं, फॉइल, पंचवीस नाणी.
नाणी मी मोजून ठेवली होती.
अकराला खाली कालव्यापाशी भोंगा झाला,
एक लांब, दोन आखूड,
आणि पुलाने तसंच उत्तर दिलं.
दोघं खिडकीला नाकं लावून.
डुलूथच्या डिसेंबरात तळ्यातून वाफ निघते,
त्या वाफेतून लोखंडाच्या मातीने भरलेलं जहाज
एवढं लांब, की टोक पुलाखालून गेलं
तरी शेपूट अजून धुक्यातच.
मी ठळक अक्षरांतलं वाक्य म्हटलं.
शर्व गप्प.
मी वाट पाहिली.
पूल खाली आला, अडलेल्या गाड्या सुटल्या,
नीरजाने नाणी खिशात घातली.
वाडगं कोरडंच राहिलं.
त्या दिवसाच्या चौकोनात मी काही लिहिलं नाही.

रात्री आठला, दात घासताना,
तोंडात फेस असताना शर्व म्हणाला,
आई, परत येताना रिकामं असेल ना ते,
मग पाण्याच्या वर जास्त दिसेल?

तिरप्या अक्षरांत शोधलं. हे उत्तर नव्हतं.
हा प्रश्नही नव्हता.

वाट पाहा या ओळीशेजारी, समासात,
मी पेन्सिलीने लिहिलं: नऊ तास.
साहित्यात, आईच्या वळणाने: परिसर.

चार वर्षांनी हेच खोकं नीरजासाठी निघेल,
तेव्हा तो आकडा
खोडावा लागेल.