साधन क्रमांक चार

एस.वाय.ला इतिहास घेतला तेव्हा
काकांनी एवढंच विचारलं, "पुढे?"
इतिहासाला पुढे काय असतं
मलाही नीटसं सांगता आलं नाही.

अमळनेरला जाणारी सातची एसटी,
मागच्या सीटखाली दुधाचे कॅन,
मांडीवर विद्यापीठाचं जाड पुस्तक.
त्यात आमचा मुलूख दोनदा येतो:
एकदा लष्कर इकडून गेलं म्हणून,
एकदा दुष्काळात.

हजेरीपटावर बासष्ट, वर्गात नऊ.
निकुंभ सर नऊजणांना
बासष्टांच्या आवाजात शिकवतात.
सनावळ्या फळ्यावर चढतात, डस्टरखाली जातात.
जितू कंखरेच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स,
अर्धं पानिपत उडालेलं,
आणि कडेला कुणाचा तरी काळा अंगठा,
आम्हा सगळ्यांच्या प्रतीत तोच.

प्रकल्प: माझ्या गावाचा इतिहास. गुण वीस.
साधने किमान चार, अस्सल.
"ऐकीव नको," सर म्हणाले,
"तारीख नसली की ती गोष्ट होते."

तलाठी आप्पा म्हणाले, सातबारा ऑनलाइन काढ.
शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं वाचून संपवलेलं.
पारावरच्या दगडाला शेंदराचा एवढा थर
की खाली अक्षरं आहेत की नुसताच दगड
हे विचारणंही पाप.
तिन्हींची नोंद केली. तीन झाली.

चौथं मोरीत सापडलं.
पितळी कळशी, पालथी घातलेली,
तिच्या पोटावर टिंबाटिंबांची अक्षरं:
चि. सौ. कां. उखाबाई हिस मामाकडून भेट.
मग 'ता.',
आणि 'ता.'पुढे गुळगुळीत पितळ.

आमच्या घरात उखाबाई कोणी नाही.
आईचं नाव प्रतिभा.
रेशनकार्डावर, बचतगटाच्या वहीत,
माझ्या दाखल्यावर प्रतिभा.

"आई, उखाबाई कोण?"
ती भाकरी थापत होती. थापत राहिली.
"मी," म्हणाली. "लगीनना पहिले."
भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.
"मना आंगे दोन व्हतात. जगनात नही.
मंग माले उकिरडावर ठेवं आन उचली लयनात.
म्हनीसन उखा."
"कधी बोलली नाहीस."
"कोन्ही इचारं नही."

नाणी, ताम्रपट, शिलालेख, वंशावळी:
साधनांचे महत्त्व विशद करा, गुण बारा.
मला ते पाठ आहे, स्वल्पविरामांसकट.
दोन अक्षरांत दोन लेकरं मावतात
हे त्या उत्तरात नव्हतं.

"आणि तारीख?"
"घासाई गयी."
रोज पहाटे, राखेनं, चिंचेनं,
तिनंच.
"साल तरी?"
"जवय कपाशीले भाव व्हता."
ते नेमकं कोणतं साल यावरून
वडील आणि काका रात्रभर भांडले,
कपाशीवरून मग बांधावर आले,
मी वही मिटली.

तळटीप लिहिली:
कळशी, पितळ, खाजगी संग्रह, मोरी.
जितू हसला. सर हसले नाहीत.
तेरा गुण, लाल शाईत:
साधन अस्सल. कालनिश्चिती नाही.
आणि खाली, पेन्सिलीनं, पुसता येईल असं:
माझ्या मावशीचं नाव धोंडी होतं.

पेपरला औद्योगिक क्रांतीची कारणं आली.
लिहिली. पुरवणी घेतली.

आई आता कळशी घासते
ती तेवढा भाग सोडून.
"ऱ्हाऊ दे," म्हणते, "तुले परीक्षाले लागई."
परीक्षा झाली, हे मी तिला सांगितलेलं नाही.
चकचकीत पितळावर तळहाताएवढा डाग,
महिन्याभरात काळा पडलाय,
उखाबाई आता
बोटानं वाचावी लागते.