हिकरीची फळी

प्रिन्सिपल लॅण्ड्रम स्वतः आले होते, जुलैत,
टोपी हातात, वर्कशॉपच्या दारात.
"जुनी तडकली, डेल्मर.
तुझ्या हातची एक करून दे.
पंधरा इंचांचं पातं, पाच इंचांची मूठ."
पाळणा सांगावा, नाहीतर शवपेटी, तसंच;
मापं तेवढी द्यायची,
बाकीचं सुतारावर सोडायचं.

मी काही विचारलं नाही.
आर्कान्सातल्या आमच्या गावात
हे विचारायचं नसतं.
आणि जुनी मला पाठ होती.
मागच्या अंगाला बॉलपेननं नावं होती तिच्यावर,
मार खाल्लेल्यांची,
चौथ्या ओळीत माझं,
ब्याण्णव साल, बाईंच्या खणातल्या बेडकापायी.
आठवडाभर मिरवलं मी ते.
बसता येत नव्हतं,
म्हणून उभ्यानं मिरवलं.

हिकरी निवडली.
कुऱ्हाडीचे दांडे करतात हिचे.
मोडत नाही,
वाकते, आणि परत येते.

वायली नऊ वर्षांचा आहे.
करवतीला मी त्याला हात लावू देत नाही,
पण घासायचं काम त्याचं.
आधी खरबरीत पॉलिशपेपर, मग बारीक,
मग त्याहून बारीक, जीभ बाहेर काढून,
नाकावर भुसा.
"डॅडी, गालाला लावून बघा."
मी लावली.
"ब्रेड कापायची आहे का?"
शाळेची आहे, म्हटलं.
"शाळेत ब्रेड कोण कापतं?"
मी रंध्याचं पातं पुसत बसलो.
"मग ही भोकं कशाला?"
सहा होती. अर्ध्या अर्ध्या इंचाची,
लॅण्ड्रमच्या चिठ्ठीत होती तशी.
वारा अडू नये म्हणून, हे मनात.
तोंडानं म्हणालो, टांगायला.
"सहा?"

ऑगस्टात शाळेचे कागद आले.
बसचा, जेवणाच्या पैशांचा,
शेंगदाणे चालतात की नाही त्याचा,
आणि मधेच हा, त्याच रंगाचा:
खालीलपैकी एका चौकोनात खूण करावी.
नोरीन कोंबड्यांच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेली,
बूट न काढताच खुर्चीत.
म्हणाली, "तूच कर.
तुझाच हात आहे त्यात."

मी काही मऊ माणूस नाही.
वायली हायवेवर धावला होता तेव्हा
मीच ठेवून दिली होती एक,
ट्रकचा हॉर्न अजून कानात असताना.
त्या रात्री कितीदा उठून
त्याच्या पांघरुणाशी उभा राहिलो,
ते कुणाला सांगितलेलं नाही.
पण लॅण्ड्रम रागावत नाहीत.
दार लावून घेतात.
साक्षीला सेक्रेटरीबाईंना बोलावतात.
वहीत तारीख, वेळ, किती ते लिहितात.
नंतर हात मिळवतात मुलाशी.
चांगला माणूस आहे, चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसतो.
राग नसताना मारणं
मला कधी जमलं नाही,
आणि ज्याला जमतं त्याच्यापुढे
माझं पोर वाकून उभं राहणार
टेबलाची कड धरून.

"परवानगी नाही" वर खूण केली.
इतकी दाबून, की खालच्या शेंगदाण्यांवरही उमटली.

पेन ठेवलं, आणि मग आठवली
रस्त्यापलीकडच्या ट्रेलरमधली तिघं.
त्यांच्या आजीला चष्मा लागतो
आणि चष्मा तिच्याकडे नाही.
दाखवाल तिथे सही करते ती.
त्यांतल्या धाकट्याला, कोल्टनला,
मी गेल्या उन्हाळ्यात सायकलची चेन लावून दिली होती.
माझं पोर वाचलं.
फळी तर माझीच.

आत्ता वर्कशॉपमध्ये आहे मी.
ती समोर टांगलेली, एका भोकातून खिळा,
पाचांतून मागची भिंत दिसते.
तीस डॉलर ठरलेत.
चार वाजता न्यायला येणार आहेत.
भट्टी बाहेर आहे, लाकडं आहेत, काडेपेटीही आहे,
आणि वायली दारात उभा,
अंघोळ करून, शर्ट खोचून,
विचारतोय,
"आवडेल ना त्यांना?"