पाहणीची वही

यमुताई दिघे रामबागेतून आल्या
परदेशीपुऱ्यात, आमच्याच चाळीत,
खोली नंबर सतरा.
सोबत एक वळकटी, स्टोव्ह
आणि रकाने आखलेली जाड वही.

"येऊन-जाऊन कळत नाही," म्हणाल्या,
"राहायलाच पाहिजे."
बापू हसले. ते तर जन्मभर राहत होते,
त्यांना तरी कुठं कळलं होतं?

सातचा भोंगा झाला की वर्ग भरे.
साचाखात्यातली माणसं
भुवयांवर कापूस घेऊन 'ग' गिरवत बसत.
धोटा सवयीचा, पेन्सिल नाही;
बोटं अशी ताठत
जसा मुकादम पाठीशी उभा आहे.
हरकूबाईनं पहिल्यांदा नाव लिहिलं ते
पिठाच्या डब्यावर, कोळशानं.
सासू रोज पुसायची.
"नाम म्हारो हे," एवढंच म्हणून
ती रोज लिहायची.

मग वही घेऊन यमुताई दारोदार.
माणसं किती, खोल्या किती,
नळ किती पावलांवर,
कर्ज कुणाचं,
गेलेली मुलं.
आई भाकरी थापत सांगत गेली.
शेवटच्या रकान्याशी हात थांबला,
तव्यावरची करपली.
"दोन. एक बारशाच्या आत."

हात धुऊन ती समोर बसली.
"आता तुमचं सांगा, बाई.
माणसं किती?"
"तीन."
"खोल्या?"
यमुताईंनी आमच्या पत्र्याकडं पाहिलं,
मोजत असाव्यात.
"अकरा. गच्ची सोडून."
"नळ?"
"घरातच."
"कर्ज?"
"नाही."
"गेलेली मुलं?"

बाहेर पाळी सुटली होती,
सायकलींच्या घंट्या गल्लीभर.
यमुताईंनी उत्तर दिलं नाही.
वही मांडीवर ओढली,
आईच्या ओळीखाली, त्याच शाईनं,
आपलं घर भरत गेल्या, रकान्यामागून रकाना.
शेवटच्याशी त्यांनी फार वेळ घेतला.

आईला तेव्हा वाचता येत नव्हतं.
तिनं करपलेली भाकरी मधोमध मोडली,
अर्धी त्यांच्यापुढं सरकवली,
अर्धी आपण खाल्ली.
वर नुसतं मीठ.

पुढं दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत,
आई अडखळत का होईना, वाचू लागली.
यमुताईंनी धड्याचं पुस्तक दिलं.
तिनं वही मागितली.
पान सापडेपर्यंत उभीच होती.
बोट ठेवून एक ओळ वाचली,
ओठ हलले, आवाज नाही.

मी विचारलं, काय लिहिलंय?
"हिशेब," म्हणाली,
आणि वही परत देताना
पदरानं पुसून दिली.