धडा नववा

मंगळवारी संध्याकाळी, रुवीत,
लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, इस्त्रीच्या वाफेत
आमचा अरबीचा वर्ग भरतो.
आज धडा नववा : नाही कसं म्हणावं.

उस्ताझा झुवैना म्हणाल्या,
नुसतं 'ला' म्हणजे तोंडावर दार.
आधी हात छातीवर ठेवा,
देणाऱ्याच्या हातांना सुख मागा,
मग दार हळूच लोटा. कडी नको.

उवेनं वहीत उतरवून घेतलं, मग विचारलं,
"पण नाही म्हटलंय हे त्याला कळणार कधी?"
रोवेना भुवया उडवत होती;
तिच्याकडे तो होकार,
हे आम्हाला चौथ्या धड्यात कळलं होतं.
माझी मान हलली, ती कुठल्या बाजूची
हे मलाही सांगता येईना.

"तुमच्यात कसं?" म्हणून मला उभं केलं.
मी सांगितलं, आमच्याकडे दोन आहेत,
एक नाही आणि एक नको,
आणि पंगतीत पहिले दोन नको धरत नाहीत.
बांगडी फुटली तर वाढली म्हणतो.
निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो.
"मग गेलेलं माणूस ओळखायचं कसं?"
न आल्यावर, उस्ताझा.
सगळे हसले. मीही, जरा उशिरा.

क्लिनिकचा मुदीर माझ्या रजेच्या अर्जावर
जूनपासून इन्शाल्ला म्हणतोय.
तेवढ्यावर मी तिकिटांचे भाव बघत बसले.
परवा आईचा फोन : दिवाळीला येतेस ना?
बघू, म्हटलं.
ती गप्प. मग म्हणाली,
बरं, भाजणी अर्धीच दळून आणते.
तिनं कुठलाच वर्ग लावला नव्हता.

शेवटी तालीम. उस्ताझांनी घरून दल्ला आणली होती,
वेलदोड्याचा वास इस्त्रीच्या वासावर चढला.
फिंजान नुसता पुढे केलात तर भरत राहणार,
पुरे झालं की मनगटानं दोनदा हलवायचा.
उवेनं पहिल्याच घोटाला हलवला.
मी तिसऱ्याला. शाजीमोननं मोजलेच नाहीत.

त्सेहाय एका घरात असते, अल खुवैरला.
बाईसाहेबांची मुलं शिकवणीला जातात
म्हणून मंगळवारचे दोन तास तिचे.
तिचा चौथा झाला. पाचवा.
सहाव्याला कुणीतरी खोकलं.
सातव्याला तिचं मनगट हललं,
इतकं थोडं, की थरथर वाटावी.

उस्ताझांनी दल्ला मागे घेतली.
त्सेहाय रिकाम्या फिंजानाकडे बघत राहिली,
मग तिनं तो
पुन्हा एकदा हलवून पाहिला.