साठ आकडे

रविवारी मी सात वेळा मरतो.
कधी आठ. पावसाळ्यात कमी,
महीच्या कोतरांत तेव्हा निसरडं असतं
आणि राक्षसाला नीट कोसळता येत नाही.

एरवी दांडिया बाजारात माझं चष्म्याचं दुकान.
हे अक्षर दिसतं का? आता?
आणि आता?
सिंधरोटला पोचलो की आधी स्वतःचा चष्मा काढून
स्कूटरच्या डिकीत ठेवतो,
मुखवटा त्याशिवाय बसत नाही.
वर्तमानपत्रांच्या लगद्याचा, मीच केलेला,
शिंगं वाळल्या दुध्याची.
डाव्या गालावर रंगाखालून अजून वाचता येतं
कुणाचंसं बेसणं, गुरुवारी, चार ते सहा.

चष्म्याविना नुसते रंग धावून येतात.
एसीच्या पाइपवरचा काळा फोम, वर चंदेरी चिकटपट्टी,
तलवार म्हणायची तिला.
मारणारा कोण ते मी पायांवरून ओळखतो:
पांढऱ्या बुटांचा सेनापती, बँकेत कॅशियर;
निळ्या सँडलची धनुर्धर, सोमवारी तिचा अकाउंट्सचा पेपर;
आणि ध्रुविल, ज्यानं सप्तकोटाचं राज्य
दोनशे पानी वहीत बसवलंय, नद्यांच्या उगमांसकट,
तो ओरडतो,
"काका, हवे मरी जाव, फाफडा ठंडा थाय छे!"

मी मरतो.
नियम असा की हात डोक्यावर ठेवला
की तो माणूस तिथे नसतो.
तसा उठतो, त्यांच्यामधूनच चालत
बाभळीमागे जातो, पाणी पितो,
आणि नवा राक्षस होऊन येतो.
कुणी बघत नाही. खरंच बघत नाहीत,
मुलं फार प्रामाणिक आहेत.
एकदा दुकानात, वसुलीच्या माणसासमोर,
माझा हात आपसूक वर गेला होता.

दुसरा नियम जखमींचा:
पडलात की साठपर्यंत मोजायचं, सावकाश,
तेवढ्यात वैद्याचा हात लागला तर जगलात.
हा शूरांसाठी. राक्षस मोजत नाहीत.

परवा सहाव्यांदा पडलो होतो,
पाठीखाली खडा, नाकात वाळल्या शेणाचा वास,
लढाई नदीकडे सरकलेली.
कुणीतरी शेजारी बसलं.
निहारिका भोईटे, वैद्य.
नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, गोत्रीला रात्रपाळी,
तिथून तशीच आलेली, कपाळावर टोपीचा वळ.
माझ्या मनगटावर तिनं दोन बोटं ठेवली.
खेळातला मंत्र असतो, तो म्हटला नाही.
"काका, मोजा."
"अगं, मी राक्षस."
"मोजा ना."

मोजू लागलो. सतरापर्यंत हसू येत होतं.
चाळीसला लक्षात आलं,
ती आकडे ऐकतच नाहीये, नाडी बघतेय,
आणि बोटं थरथरताहेत.
रात्री काय झालं असेल. मी विचारलं नाही.
एकोणसाठ जरा लांबवला.

साठ.

ध्रुविलच्या वहीत कुठेच नाही
वाचलेल्या राक्षसानं काय करायचं ते.
हात डोक्यावर ठेवावा, तर मी होतो की तिथे.
गुरगुरावं, तर ती ओढणीनं नाक पुसत होती.
मुखवटा काढला. तिनं बाटली पुढे केली, पाणी कोमट.
पलीकडून शूरांचा जयजयकार आला.
कुणाला मारलं त्यांनी, देव जाणे,
मी तर इथे होतो.

घरी हेमांगीनं नेहमीचं विचारलं, "किती वेळा?"
"साडेपाच," म्हटलं.
ती म्हणाली, "चष्मा कुठाय?"

डिकीतच होता.
म्हणजे सिंधरोटपासून भायलीपर्यंत
मी नुसत्या रंगांतून गाडी हाकत आलो होतो,
आणि वाटेत मला
कुणीही मारलं नाही.